बदलायचे कोणी? छारानगरचे ‘बुधन थिएटर’ आणि वस्तीतल्या तरुणांची कलाशिबिरे

वस्तीतल्या तरुणांसाठी घेतलेल्या नाट्यशिबिरांचे, चित्रशिबिरांचे अहवाल गेली काही वर्षे मी जमेल तसे मिळवून वाचतो आहे. संस्थांच्या वार्षिक अहवालांत, स्मरणिकांत, कधी देणगीदाराला लिहिलेल्या आभाराच्या पत्रात ते सापडतात. बहुतेकांचा साचा एकच. पहिल्या दिवशी मुले बुजलेली होती, तोंड उघडत नव्हती. पाचव्या दिवशी ती मंचावर उभी राहून बोलू लागली. त्यांचा आत्मविश्वास वाढला. आता ती समाजात बदल घडवतील. शेवटी पाहुण्यांसह समूहछायाचित्र. या अहवालांत खोटे काही नसते. मुले खरोखर बुजलेली असतात आणि खरोखर बोलू लागतात. अडचण येते ती शेवटच्या वाक्याशी. पोलीस ठाण्यातला फौजदार, धान्य नाही म्हणून परत पाठवणारा रेशन दुकानदार, मागच्या बाकावर बसवणारे गुरुजी, आडनाव ऐकून खोली नाकारणारा घरमालक यांच्यापैकी कोणीही त्या शिबिराला आलेला नसतो. मुले बोलली हे खरे, पण ऐकले कोणी? एकमेकांनी, शिबिर घेणाऱ्यांनी आणि शेवटच्या दिवशी आलेल्या पाहुण्यांनी.

‘सक्षमीकरण’ या शब्दातच एक गृहीतक दडलेले आहे. कोणीतरी अक्षम आहे आणि त्याला सक्षम करायचे आहे. उणीव त्या तरुणात, म्हणून उपचारही त्याच्यावरच. ज्यांनी त्याला गप्प बसवले त्यांना शिबिराला बोलावण्याची गरजच मग उरत नाही. हा शब्द सरकारी परिपत्रकांत आणि संस्थांच्या प्रस्तावांत इतका रुळला आहे की त्याच्याकडे संशयाने पाहणारा माणूसच विचित्र ठरतो. तरीही माझे म्हणणे मांडतो. तरुणांच्या कलाशिबिराची पारख करताना त्यांच्यात काय बदलले हा प्रश्न दुय्यम ठेवावा. त्यांनी कोणाला ऐकायला भाग पाडले आणि ऐकणाऱ्याकडे काय मागितले, हे आधी विचारावे. नुसते तत्त्व सांगून हे पटणार नाही, म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण जरा थांबून पाहतो. ते अहमदाबादचे आहे, पण त्याचे धागेदोरे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत.

छारानगर ही अहमदाबादच्या कुबेरनगर भागातली वस्ती. तिथल्या रंगकर्मींची नावे वाचताना मराठी वाचक थबकतो. इंद्रेकर, गागडेकर, बजरंगे, घमंडे. ही गुजराती आडनावे नव्हेत. आपल्याकडचा कंजारभाट समाज आणि अहमदाबादचे छारा हे एकाच गोताचे. घरात बोलायची भांतू भाषाही एकच. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा अनेक जमातींवर शिक्का मारला. गुन्हा केला म्हणून माणूस गुन्हेगार, ही साधी समजूत त्या कायद्याने उलटी केली. माणूस अमुक जमातीत जन्मला म्हणून गुन्हेगार. मग हजेरी आली, गाव सोडायला परवाना आला आणि तारेच्या कुंपणातली सेटलमेंट आली. सोलापूरची सेटलमेंट मराठी माणसाला ऐकून तरी ठाऊक आहे. छारानगर हे तसल्याच एका सेटलमेंटच्या आसपास वाढले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण पाठोपाठ राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. जमातीचे नाव कागदावरून गेले, ठाण्यातल्या डोक्यांतून गेले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने २००७ मध्ये हा सराईत गुन्हेगार कायदा रद्द करावा असे भारताला सुचवले, यावरून तो किती काळ चिकटून राहिला हे कळते. दारूबंदी असलेल्या गुजरातमध्ये छारानगरातली अनेक घरे हातभट्टीवर जगली, त्यामुळे पोलिसांचे येणेजाणे रोजचे. वस्तीतला मुलगा नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहितानाच अडखळतो.

आता १९९८ साल. पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात अकरबाइद गावचा बुधन शबर हा खेडिया शबर जमातीतला तरुण फेब्रुवारीत पत्नी श्यामलीबरोबर जात असताना वाटेत एका पानाच्या टपरीपाशी पकडला गेला. काही दिवसांत पोलीस कोठडीत त्याचा मृत्यू झाला. त्याने गळफास घेतला असे पोलिसांचे म्हणणे. शबरांमध्ये अनेक वर्षे काम करणाऱ्या महाश्वेतादेवी आणि खेडिया शबर कल्याण समिती यांनी कलकत्ता उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. मृतदेह जाळून टाका असा तगादा गावाला होता. गावकऱ्यांनी गवताचा पुतळा करून तो जाळला आणि बुधनचा देह त्याच्याच झोपडीत पुरून ठेवला. म्हणून दुसऱ्यांदा शवविच्छेदन होऊ शकले. न्यायमूर्ती रुमा पाल यांनी त्याच वर्षी दिलेल्या निकालात श्यामलीला भरपाई आणि केंद्रीय अन्वेषण विभागाकडून चौकशी असा आदेश दिला. बुधनवरच्या नाटकाची चर्चा करताना या पुतळ्याच्या प्रसंगाकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे जात नाही. मला मात्र तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अक्षरओळख नसलेल्या माणसांनी, कोणतेही शिबिर न करता, नेमक्या प्रेक्षकासाठी नेमका प्रयोग केला आणि त्यातून न्यायालयापुढे ठेवता येईल असा पुरावा राखला. वंचितांना अभिव्यक्ती शिकवायला निघालेल्या प्रत्येकाने पुरुलियातली ही गोष्ट आधी वाचावी.

त्याच १९९८ च्या मार्चमध्ये महाश्वेतादेवी बडोद्याला गणेश देवी यांच्या ‘भाषा’ संस्थेत व्याख्यानासाठी आल्या होत्या. देवी मूळचे भोरचे. त्यांचे मराठीतले लेखन वाचकांना परिचित आहे. ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाडही सोबत होते. या तिघांच्या पुढाकाराने भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी एक कृतिगट उभा राहिला आणि त्याच्या नियतकालिकाला ‘बुधन’ हेच नाव दिले गेले. ही मंडळी छारानगरात गेली तेव्हा तिथल्या तरुणांशी बोलणे होऊन पहिली गोष्ट सुरू झाली ती वाचनालय. नाटक नंतर. हा क्रम मला मोलाचा वाटतो. एका खोलीत पुस्तके आली, मुले बसू लागली, ‘बुधन’च्या अंकातून शबर प्रकरणाची हकिगत आणि निकाल त्यांच्या हाती पडला. त्यांनी ते वाचले आणि त्यातून नाटक रचले. ३१ ऑगस्ट १९९८ रोजी, विमुक्त दिनी, ‘बुधन’चा पहिला प्रयोग छारानगरात झाला. पुढे या मंडळींनी नाटकाचेच नाव संस्थेला घेतले. दक्षिण बजरंगे या गटाचे प्रमुख नाटककार-दिग्दर्शक.

इथे जरा थांबले पाहिजे. अहमदाबादच्या मुलांना नाटक करायला सांगितले तर ती आपल्याच वस्तीची कथा सांगतील अशी कोणाचीही अपेक्षा असेल. शिबिर घेणारे तर हमखास तेच सांगतात: ‘तुमचे अनुभव मांडा.’ या मुलांनी देशाच्या दुसऱ्या टोकाच्या, कधी न पाहिलेल्या माणसाचा मृत्यू उचलला. तो उचलताना त्यांच्या हातात अनुभवाबरोबर एक न्यायालयीन दस्तऐवज होता. अनुभव मांडणाऱ्याला ऐकणारा सहानुभूती देतो आणि घरी जातो. दस्तऐवज मांडणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. ‘बुधन’ची रचना पाहिली तर हे स्पष्ट होते. नेपथ्य जवळजवळ नाही; नटांची शरीरेच भिंत होतात, कोठडी होतात. मारहाणीची दृश्ये लांबलेली आणि अंगावर येणारी आहेत. शेवटी नट भूमिका सोडून सरळ प्रेक्षकांकडे वळतात आणि आपण दुय्यम नागरिक आहोत का, असे विचारतात. नाटकाची भाषा हिंदी. घरातली भांतू नाही, गल्लीतली गुजरातीही नाही. भाषा निवडली म्हणजे प्रेक्षक निवडला. आणि या मुलांनी निवडलेला प्रेक्षक वस्तीच्या बाहेर, सत्तेच्या बाजूला बसलेला होता. आपल्या शिबिरांत ‘मुलांना आपल्या बोलीत व्यक्त होऊ द्या’ असा आग्रह असतो. तो चांगलाच आहे, पण बोलीत बोलल्यावर ऐकणारा कोण राहतो हेही विचारायला हवे.

पुढच्या नाटकांची दिशाही हीच राहिली. बारामतीत १९९८ मध्येच पोलीस कोठडीत मरण पावलेल्या पिन्या हरी काळे या पारध्यावर या गटाने नाटक केले. घटना महाराष्ट्रातली, माणूस महाराष्ट्रातला, आणि त्याच्यावरचे नाटक अहमदाबादच्या मुलांचे. मराठी रंगभूमीच्या इतिहासकाराने ही नोंद करायला हवी. झोपड्या पाडण्यावरचे ‘बुलडोझर’ आले. दारिओ फो यांचे ‘अॅक्सिडेंटल डेथ ऑफ अॅन अनार्किस्ट’ त्यांनी केले. मिलानच्या पोलीस मुख्यालयाच्या खिडकीतून १९६९ मध्ये पडून मेलेल्या पिनेल्ली या रेल्वे कामगाराच्या प्रकरणावर ते नाटक बेतलेले आहे. पुरुलिया, बारामती, मिलान अशी ही साखळी केवळ ‘आमचे दुःख’ सांगणाऱ्यांना जुळवता आली नसती. त्यासाठी वाचनालय लागते.

इतके चांगले बोलल्यावर माझे आक्षेपही सांगतो. छारा नट मुलाखतींत अनेकदा म्हणतात की आम्ही जन्मजात नट आहोत. चोरी करायला अभिनय लागतो, पोलिसांसमोर खोटे बोलायला अभिनय लागतो, तोच आम्ही रंगमंचावर आणला. शशवती तालुकदार आणि केरिम फ्रीडमन यांच्या २०११ च्या ‘प्लीज डोन्ट बीट मी, सर!’ या माहितीपटामुळे ही प्रतिमा दूरवर गेली. वाक्य चटकदार आहे, शहरी प्रेक्षक त्यावर खूश होतो. पण १८७१ च्या कायद्याची सारी इमारत ‘जन्मजात’ या एकाच शब्दावर उभी होती. जन्मजात चोरऐवजी जन्मजात नट म्हटल्याने वीट बदलते, पाया तोच राहतो. छारानगरची मुले चांगले नट झाली कारण त्यांनी वर्षानुवर्षे तालमी केल्या, पुस्तके वाचली, त्यांतली काही राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जाऊन शिकली. कष्टाचे श्रेय रक्ताला देणे म्हणजे त्यांच्यावरच अन्याय. दुसरा आक्षेप नाट्यविषयक. ‘बुधन’मधला फौजदार फार सोपा खलनायक आहे. त्याच्या क्रौर्यामागची कार्यालयीन रीत, गुन्हे ‘उघडकीस आणण्याचा’ दबाव, रजिस्टरातले जुने नाव, हे नाटकात पुरेसे उतरत नाही. परिणामी प्रेक्षकातला पोलीस ‘मी असा नाही’ म्हणून सुटू शकतो. फो यांच्या नाटकातले पोलीस हास्यास्पद आहेत पण त्यांच्या फायली खऱ्या आहेत. तो धडा या गटाने पुढे घेतला असावा असे त्यांच्या निवडीवरून वाटते.

या ठिकाणी ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्टो बोआल यांचा उल्लेख टाळता येत नाही, कारण जगभरातल्या अशा बहुतेक शिबिरांच्या मुळाशी त्यांचीच पद्धत आहे. बोआल यांचा एक प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. साठच्या दशकात त्यांचा गट ब्राझीलच्या ईशान्य भागात शेतकऱ्यांसमोर नाटक करी. नाटकाच्या शेवटी नट हातात बंदुका उंचावून जमिनीसाठी रक्त सांडण्याचे आवाहन करीत. एका प्रयोगानंतर व्हर्जिलिओ नावाचा शेतकरी भारावून पुढे आला आणि म्हणाला, चला, तुमच्या बंदुका घेऊन आमच्याबरोबर या, जमीनदाराने एकाची जमीन बळकावली आहे. नटांना सांगावे लागले की बंदुका खोट्या आहेत, नाटकातल्या. मग बंदुका राहू देत, आमच्याकडे आहेत, तुम्ही या, असे तो म्हणाला. नट गेले नाहीत. बोआल यांनी पुढे जी पद्धत घडवली, प्रेक्षकानेच मंचावर येऊन प्रसंग बदलून पाहायचा, तिच्यामागे ही शरम आहे. जो धोका आपण पत्करणार नाही तो दुसऱ्याला पत्करायला सांगायचा नाही. आपल्याकडे बोआल यांचे खेळ आले, गोल करून बसणे आले, आरशाचा खेळ आला. व्हर्जिलिओ मात्र वाटेत कुठेतरी राहून गेला. शिबिर संपल्यावर मार्गदर्शक रात्रीची गाडी पकडतो आणि मुलगा त्याच गल्लीत, त्याच फौजदाराच्या हद्दीत झोपायला जातो. बोआल पुढे रिओ द जानेरोचे नगरसेवक झाले आणि १९९३ ते १९९६ या मुदतीत वस्त्यांतल्या नाट्यगटांनी सुचवलेल्या मागण्यांतून तेरा कायदे महापालिकेत मंजूर करून घेतले. ऐकणारा जागेवर बसलेला असला की नाटकाचे काय होऊ शकते याचे हे उदाहरण. पश्चिम बंगालमध्ये १९८५ पासून काम करणाऱ्या ‘जन संस्कृती’ने ही पद्धत खेड्यांत रुजवली ती तिथेच राहणाऱ्या गटांच्या बळावर.

आपल्याकडे वळू. विमुक्तांचा आवाज मराठीत आला तो मुख्यतः आत्मकथनातून. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’, दादासाहेब मोरे यांचे ‘गबाळ’, गायकवाडांचे ‘उचल्या’, किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’. मराठी साहित्याला यांनी जे दिले ते मोठे आहे. पण एक फरक नोंदवावासा वाटतो. आत्मकथन एकट्याचे असते. ते लिहिण्यासाठी लेखकाला बहुधा वस्तीपासून थोडे दूर जावे लागते, आणि छापून आल्यावर तो आणखी दूर जातो. कधी स्वतःच्याच समाजाचा रोषही पत्करतो. वाचक एकटा, लेखक एकटा. नाटकाला दहाबारा जण लागतात, त्यांना रोज संध्याकाळी एकत्र यावे लागते, आणि त्यांतला एक तुरुंगात गेला तर तालीम थांबते, म्हणून त्याला सोडवायला बाकीचे धावतात. छारानगरच्या गटाची खरी शक्ती मला या रोजच्या एकत्र येण्यात दिसते. मराठीत समूहाची ही रीत नवी नव्हती. सत्यशोधक जलसे होते. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक होते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले, राम नगरकर पुढे आले. यांतल्या कोणीही आपल्या कामाला कार्यशाळा म्हटले नाही. तमाशाची गण-गवळण-बतावणी त्यांना येतच होती. शिकवायचे होते ते ऐकणाऱ्याला.

याच परंपरेशी नाते सांगणारा अलीकडचा प्रयत्न म्हणजे ठाण्याचा ‘वंचितांचा रंगमंच’. रत्नाकर मतकरी यांनी समता विचार प्रसारक संस्थेच्या सोबतीने २०१४ मध्ये तो सुरू केला. वस्त्यांमधल्या मुलामुलींनी आपल्या नाटिका आपणच लिहायच्या, बसवायच्या, करायच्या. अनुभवी रंगकर्मी मदतीला, पण लेखणी मुलांच्या हाती. मतकरी २०२० च्या मे महिन्यात गेले, तरी कल्पना त्यांच्या नावावर अडकून राहणारी नाही. पिढ्यान्‌पिढ्या बालनाट्य गाजवलेल्या नाटककाराने स्वतःची संहिता बाजूला ठेवावी, ही गोष्ट लहान नाही. ठाण्याच्या प्रयोगाचे मोल त्याच्या दर वर्षी परत येण्यात आहे. पाच दिवसांच्या शिबिरात जे जमत नाही ते पाच वर्षांत जमते: एका वर्षी नाचणारी मुलगी पुढच्या वर्षी लिहू लागते आणि त्याच्या पुढच्या वर्षी लहानांना बसवू लागते. माझी अपेक्षा एवढीच, की या नाटिकांचा प्रेक्षक हळूहळू मित्रमंडळ आणि हितचिंतकांच्या पलीकडे सरकावा. पाण्याच्या नळावरची नाटिका पाणीखात्याच्या अभियंत्याने बघायला हवी.

आता अवघड भाग. वस्तीतल्या मुलांनी बोट बाहेरच्याकडेच दाखवायचे का? बहुतेक शिबिरांत विषय आयोजकच ठरवतात आणि ते ठरलेले असतात: व्यसन, बालविवाह, स्वच्छता, अंधश्रद्धा. म्हणजे वस्तीचे दोष. मुले आपल्याच आईबापांना सुधारायला निघतात आणि पाहुणे टाळ्या वाजवतात. हा प्रकार मला अपमानकारक वाटतो. पण म्हणून आतले प्रश्न खोटे ठरत नाहीत. छारांच्याच गोतातल्या महाराष्ट्रातल्या कंजारभाट समाजात काही तरुण-तरुणींनी २०१७-१८ च्या सुमारास नववधूच्या कौमार्य चाचणीविरुद्ध मोहीम उघडली. तिला ना नाट्यशिबिराची पार्श्वभूमी होती ना कोणा संस्थेचा प्रस्ताव. मोबाइलवरच्या एका गटातून ती सुरू झाली. २०१८ च्या जानेवारीत पिंपरीत एका लग्नाच्या वेळी या मोहिमेतल्या तरुणांना मारहाण झाली. जातपंचायतीच्या जाचाविरुद्ध महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा त्याआधीच केला होता, तरीही त्यांना बोलण्याची किंमत मोजावी लागली. या तरुणांची कोंडी दुहेरी आहे. समाजाविरुद्ध बोलले की घरचे म्हणतात, आधीच बदनाम असलेल्यांना आणखी बदनाम करता. आणि हे घरच्यांचे भय निराधार नाही, कारण वर्तमानपत्रांत बातमी आली की मथळ्यात जमातीचे नाव ठळक असते. कुठल्याही पांढरपेशा घरातल्या अत्याचाराच्या बातमीत जात अशी छापली जात नाही. म्हणून कोणत्या प्रेक्षकासमोर काय बोलायचे हा प्रश्न या मुलांसाठी कलेचा नाही, सुरक्षिततेचा आणि इभ्रतीचा आहे. तो शिबिर घेणाऱ्याने त्यांच्यावतीने ठरवू नये. फार तर आतल्या प्रश्नावरचे नाटक आतल्यांसमोर, भांतूत, आणि बाहेरच्या अन्यायावरचे नाटक बाहेरच्यांसमोर, हिंदीत वा मराठीत, अशी वाट त्यांनाच निघू शकेल. दोन्हीकडे एकच नाटक न्यावे असा कोणाचा हट्ट असेल तर त्याने प्रथम त्यांच्या घरी राहून पाहावे.

शेवटी जो प्रश्न छारानगरबद्दल हमखास विचारला जातो त्याकडे येतो: एवढी नाटके करून उपयोग काय झाला? प्रश्न विचारणाऱ्यांच्या हातात एक तारीख असते. २६ जुलै २०१८ च्या रात्री पोलिसांचा मोठा ताफा छारानगरात शिरला. लोकांना मारहाण झाली, वाहने फोडली गेली, अनेकांना पकडून नेले. मार खाणाऱ्यांत ‘बुधन थिएटर’चे रंगकर्मीही होते. ‘बुधन’चा पहिला प्रयोग होऊन वीस वर्षे पुरी व्हायला तेव्हा महिनाभर उरला होता. वीस वर्षे कोठडीतल्या मारहाणीवर नाटक करायचे आणि वीस वर्षांनी तीच लाठी आपल्याच पाठीवर यायची, याहून क्रूर टीका कोणता समीक्षक करील? ज्यांना कलेने समाज बदलतो असे सरळ गणित मांडायचे असेल त्यांचे गणित इथे चुकते, आणि ते चुकू द्यावे.

पण त्या रात्रीचा दुसरा भागही आहे. १९९८ मध्ये पुरुलियाचा बुधन गेला तेव्हा त्याच्यासाठी न्यायालयात जायला एक मोठी लेखिका लागली. तिचे नाव, तिची प्रतिष्ठा, तिचे श्रम नसते तर ते प्रकरण ठाण्याच्या दप्तरातच मिटले असते. २०१८ मध्ये छारानगरात त्याच वस्तीत जन्मलेले वकील होते, पत्रकार होते, कॅमेरा धरता येणारे होते, आणि कोणत्या कागदाला काय म्हणतात हे जाणणारे नट होते. त्या रात्री काय घडले ते त्यांनीच बाहेर आणले, त्यांनीच लिहिले, त्यांनीच दाद मागितली. यांतल्या कितींची सुरुवात त्या एका खोलीतल्या वाचनालयात झाली हे मोजण्याचा उद्योग मी करणार नाही; वकिली शिकण्यामागे घरच्यांचे कष्ट असतात, शाळा असते, राखीव जागा असतात, आणि सारे श्रेय नाटकाला देणे पुन्हा अहवालच लिहिणे होईल. एवढे मात्र दिसते की अकरबाइदच्या लोकांनी झोपडीत देह पुरून जे काम केले, पुरावा राखण्याचे, तेच काम छारानगरच्या मुलांनी कागद आणि कॅमेरा घेऊन केले. लाठी दोन्ही वेळा पडलीच होती.